वऱ्हाड नीट उमटलं पाहिजे

मी नागपुरात महाल भागात राहते आणि घरूनच मराठी टायपिंगची कामं घेते. पीएचडीचे प्रबंध, वकिलांची शपथपत्रं, लग्नपत्रिकांचा मजकूर, मधूनच कोणाचा तरी कवितासंग्रह. घरात कम्प्युटर एकच, २०१६ सालचा डेस्कटॉप. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. दिवसभर तो माझा, रात्री जेवणं आटोपली की ह्यांचा. विजेचं बिल, रेल्वेचं आरक्षण, गावच्या शेताचा सातबारा, मग कीर्तन.

गेल्या पावसाळ्यात स्क्रीनवर सूचना यायला लागली की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. सुरुवातीला मी ती बंद करून कामाला लागायची. त्या दिवशी कम्प्युटर बंद पडत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, एवढं मला माहीत होतं. पण माझ्या टेबलावर रोज परक्यांचे पेनड्राइव्ह येतात. कुठल्या झेरॉक्सच्या दुकानातून, कुठल्या होस्टेलच्या खोलीतून फिरून आलेले असतात कोण जाणे. आणि त्याच मशीनमध्ये कोणाची तरी पाच वर्षांची मेहनत ठेवलेली असते. तिथे हलगर्जीपणा करून चालणार नव्हता.

आधी साधा रस्ता पाहिला. त्याच मशीनवर विंडोज ११ चढेल का? मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं छोटं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, तर प्रोसेसर यादीत बसत नव्हता. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे डिस्क कुलूपबंद करायच्या किल्ल्या जपून ठेवणारी सोय. सीताबर्डीवरच्या एका दुकानात विचारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, जुगाड करून टाकून देतो न. तपासणी वगळून टाकता येते." मी विचारलं, "अपडेट येतील?" तो म्हणाला, "येतात न... बहुतेक." अशा मशीनवर अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे मी वाचून गेले होते. ज्या कारणासाठी बदल करायचा तेच साधणार नसेल तर त्या जुगाडाचा उपयोग काय? तशीच परत आले.

दरम्यान एक गोष्ट झाली आणि जिवाची घाई थांबली. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायची सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉग-इन केलं, सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला की त्याचे पैसे पडत नव्हते. पाच मिनिटांत नोंदणी झाली. हातातले दोन प्रबंध आधी पुरे करता आले. जुन्या मशीनवर विंडोज १० असेल आणि तुम्ही अजून ठरवत असाल, तर सगळ्यात आधी ही नोंदणी करून घ्या.

मग सल्ले सुरू झाले. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, मॅक घे, दहा वर्षं बघायला नको." शेजारचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, तो म्हणाला, "काकू, कायले पैसे घालवता? लिनक्स मिंट टाका, फुकटात होते." लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची फुकट सिस्टिम. ह्यांचं म्हणणं, "विंडोजच घे, बाकीचं शिकत कोण बसणार?" तिघंही मनापासून सांगत होते. पण प्रत्येकजण स्वतःच्या कामाबद्दल बोलत होता. प्रबंध त्यातला एकही टाइप करत नव्हता.

त्या रात्री मी पेनड्राइव्हमध्ये कसोटीचं एक पान तयार केलं. पहिलाच शब्द लिहिला वऱ्हाड. आमचा मुलूखही वऱ्हाडाला लागून आणि पत्रिकेतलं वऱ्हाडही हेच, त्यामुळे हा शब्द माझ्या हाताखालून रोज जातो. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर, टाइप करते. इंग्रजी बीच्या कळीवर व, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, डीवर हलन्त, यूवर ह, ईवर काना आणि चौकोनी कंसाच्या कळीवर ड. बरोबर जमलं तर वऱ्हाड. त्या ऱ ऐवजी साधा र पडला तर वर्हाड, म्हणजे हच्या डोक्यावर रफार. 'सुऱ्या' आणि 'सूर्य' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे खपत नाही.

याच शब्दात आणखी एक खोच आहे आणि ती मी फार उशिरा शिकले. चंद्रकोरीसारखा हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक वर सांगितला तो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखेच, पण कम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द. जात्यावरच्या ओव्यांवरच्या एका प्रबंधात मी 'वऱ्हाडी' शोधून बदलायला घेतलं आणि निम्मे शब्द सापडलेच नाहीत, कारण अर्धी प्रकरणं त्या बाईंनी दुसरीकडून टाइप करून आणली होती. त्या दिवशी रात्री एक वाजेपर्यंत मी ओळीवर बोट ठेवून वाचत होते. म्हणून कसोटीच्या पानावर दोन्ही वऱ्हाड ठेवले.

खाली ल आणि श. आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, शासनाच्या वर्णमालेतही हेच आहेत. पुष्कळ फाँटांत हिंदी वळणाचे ल-श आधी दिसतात. ज्या फाँटात मराठी वळण भरलेलं असतं, तिथे मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की अक्षरं पालटू शकतात. त्याखाली तळटीप असलेला एक तक्ता. आणि सगळ्यात शेवटी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटातला एक परिच्छेद. त्या फाँटांत क म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं कचं चित्र असतं, फाँट नसला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. माझ्याकडे अशा फायली अजून येतात, आणि त्यांत टाइप करायचं माझं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर, तेही यूएसबीचं लॉक, म्हणजे पेनड्राइव्हसारखी परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही.

हे पान घेऊन मी मॅक पाहायला गेले. खरं सांगते, अक्षरं इतकी सुरेख दिसली की मी दोन मिनिटं नुसती पाहत राहिले. इनस्क्रिप्टचा कळफलक त्यात आहेच, दोन्ही वऱ्हाड नीट उमटले. बॅटरी दिवसभर चालते म्हणाले, आणि उन्हाळ्यात दुपारी लाइन गेली की काय होतं हे मला चांगलं माहीत आहे. पण शेवटचा परिच्छेद आडवा आला. इंटेलच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज शेजारी बसवता यायचं. २०२० च्या अखेरीपासून ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, त्यांवर ती सोय नाही. मॅकच्या आत विंडोज चालवायचं वेगळं सॉफ्टवेअर विकत मिळतं, पण त्यात चालतं ते एआरएम चिपसाठीचं (ॲपलच्या चिप याच जातीच्या) विंडोज, आणि माझ्या लॉकचा ड्रायव्हर त्याच्यासाठी बनलेलाच नाही. शिवाय किंमत. एम ४ चिपचं मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांपासून आलं होतं, मॅक मिनी ५९,९०० पासून. मिनीला माझाच जुना मॉनिटर आणि कीबोर्ड चालला असता, म्हणून त्याचा मी खरंच विचार केला. घरी येऊन हिशोब मांडला, तेव्हा लक्षात आलं की एवढे पैसे घालूनही जुन्या फायलींसाठी विंडोजचं एक मशीन ठेवावंच लागणार.

उन्हाचाही प्रश्न होता. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी आजूबाजूची हवा १० ते ३५ अंश असावी असं सांगते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि माझ्या खोलीत एसी नाही, कूलर आहे. मॅकबुक एअरला पंखा नसतो, तापलं की ते वेग कमी करून निभावतं. टायपिंगला त्याने फारसं बिघडणार नाही, पण ते गणित घरात एसी असणाऱ्यांचं आहे.

लिनक्सची परीक्षा रविवारी घरीच झाली. शेजारचा मुलगा सकाळीच मिंटचा पेनड्राइव्ह घेऊन आला, मी तर्री पोहे केले होते. यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही की कम्प्युटरला हात न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून ते चालवून पाहता येतं. हार्ड डिस्कवर काही बदलत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि त्याला पैसे पडत नाहीत. कळफलकांच्या यादीत भारत निवडलं की खाली मराठीचा इनस्क्रिप्ट सापडतो. मी बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, कंस अशा कळा दाबल्या. वऱ्हाड. बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही, आणि तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

मग एक पूर्ण झालेला प्रबंध लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डच्या जागी वापरायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, उघडला. वर्डमध्ये २१२ पानं होती, इथे २१९ झाली. अनुक्रमणिका सगळी हलली, एका तक्त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली. दोष लिबरऑफिसचा नव्हता. प्रबंधाला वापरलेला निर्मला फाँट विंडोजबरोबर येतो, तो मिंटमध्ये नव्हता, त्याजागी दुसरा आला आणि अक्षरांची रुंदी बदलली. दोन्हीकडे नोटो सान्स देवनागरी हा फाँट लावून पाहिला, तर पानं जवळजवळ जुळली. पण फाँट मी ठरवत नाही, गाइड ठरवतात. ते वर्डमध्येच लाल शेरे मारून फाइल परत पाठवतात आणि विद्यार्थ्याला पान ८७ म्हणजे पान ८७ च हवं असतं.

दुसरी अडचण प्रिंटरची. आमच्या जुन्या लेसर प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर धड बसेना. मुलाने तीन तास खटपट केली, शेवटी अर्धं पान काळं आणि अर्धं कोरं आलं. शेजारचा वायफायवाला नवा प्रिंटर मात्र काही न टाकता लगेच दिसला. आजकालचे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात, मिंटवरही आणि मॅकवरही. घेताना हे विचारायचं असतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

त्याच दिवशी त्याने कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्यात घोंगडीच्या तुकड्यासारखा धुळीचा थर बसला होता. कूलरची ओली हवा आणि रस्त्याची धूळ, दोन्ही मिळून नऊ उन्हाळे. ब्रशने काढता निघेना, पातीपाती पुसून काढावी लागली. मशीन हळू चालतं म्हणून मी दोन वर्षं विंडोजला बोल लावत होते.

शेवटी निकाल एका मशीनवर लागला नाही. मी विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला, १६ जीबी रॅमचा. दुकानात पैसे द्यायच्या आधी माझं यूएसबी लॉक लावून पाहिलं, जुनं सॉफ्टवेअर उघडलं, कसोटीचं पान चालवलं. दुकानदार जरा वैतागला, पण मी हटले नाही. जुन्या डेस्कटॉपला ह्यांच्यासाठी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, आणि ४ जीबी रॅम आणखी टाकली, सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत, आणि त्यावर मिंट बसवलं. आधी सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागायची, आता चहा ओतून होईस्तोवर कीर्तन सुरू झालेलं असतं. हे दोन दिवस कुरकुरले, कारण ओळखीची चिन्हं जागेवर नव्हती. फायरफॉक्सचं चिन्ह खालच्या पट्टीवर आणून ठेवलं आणि कुरकुर संपली. त्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, हे आम्हाला इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

जुन्या फाँटातल्या फायली मी आता रोज संध्याकाळी थोड्या थोड्या युनिकोडमध्ये आणते आहे. रूपांतर केल्यावर प्रत्येक फाइलमध्ये वऱ्हाड दोन्ही तऱ्हांनी शोधते आणि एकाच तऱ्हेचा करून ठेवते. हे संपलं की ते लॉक लागणार नाही, आणि मग पुढचं मशीन निवडताना मॅक आणि लिनक्स दोन्ही माझ्यासाठी खुले राहतील. प्रिंटर अजून तोच आहे. ह्यांना सातबारा छापायचा असला की पेनड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलापाशी येतात.