बाबांची गाडी पुन्हा चालू करताना

बाबा गेल्यापासून त्यांची मोटारसायकल ७ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. विकायची नाही एवढं नक्की होतं, पण हात लावायचं धाडस होत नव्हतं. यंदा ताडपत्री काढली, तर मागचं टायर बसलेलं आणि टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशसारखा वास.

भावनेच्या भरात लगेच किकवर पाय ठेवला. ती खाली जाईना, इंजिन जाम झालं होतं. तेव्हा जोर लावला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटू शकल्या असत्या. प्लग काढला, त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि २ दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी गाडी डबल स्टँडवर टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूहळू मागेपुढे करत राहिले. बऱ्याच वेळानं इंजिन सुटलं. प्लगच्या भोकातून ‘फस्स’ करून हवा आली आणि मी तिथंच जमिनीवर बसले. गाडी मेलेली नव्हती.

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आटून चिकट थर जमला होता आणि स्लो जेट, म्हणजे गाडी हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, पार बुजला होता. त्यात तार घालायचा मोह होतो, पण तारेनं भोक मोठं होतं आणि मग गाडी कधीच नीट सेट होत नाही. म्हणून क्लीनरमध्ये भिजवून हवा मारली. टाकीतला गंज सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं काढला, मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवली, कारण ओला पत्रा बघता बघता पुन्हा गंजतो. पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उघड-बंद होणारी धातूची टोकं, बारीक पॉलिश पेपरनं घासून त्यांच्यातली फट ०.३५ मिमी ठेवली. टायर-ट्यूब, ब्रेक शू, पेट्रोलचा पाइप मात्र सरळ नवे घेतले. तिथं आठवणी जपायच्या नसतात.

रंगावरून मात्र मी अडले. मेकॅनिक म्हणाला, “ताई, टाकी रंगवून घ्या, नवी दिसेल.” टाकीच्या दोन्ही बाजूंना बाबांचे गुडघे घासून रंग उडालाय, तिथं पत्रा दिसतो. त्या दोन जागा म्हणजे बाबांची बसायची पद्धत आहे. त्या झाकायच्या? मी फक्त वरून पारदर्शक लॅकरचा हात मारून घेतला, गंज धरू नये म्हणून.

सीटखाली हत्यारांच्या पिशवीत एक जादा प्लग सापडला. साफ करून, रुमालात गुंडाळून ठेवलेला. गाडीत नवा प्लग बसवला आणि तो होता तसा परत ठेवला.

किक मारायला मला बाबांनीच शिकवलं होतं. किक दाबत न्यायची, अडते तिथं थांबायचं, तेवढा दाब हळूच पार करायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, पूर्ण. मला वाटलं होतं विसरले असेन. पाय विसरला नव्हता. चोक ओढला. आठ-दहा किका कोरड्या गेल्या, मग एकदा खोकली, आणि त्यानंतरच्या किकला धरली.

आवाज ऐकून आई दारात आली. काही बोलली नाही. मी गाडी बंद करेपर्यंत तशीच उभी राहिली.

टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातून, ऑइल पाझरतंय. या रविवारी गॅस्केट बदलायचंय.