माल फुकट, मग हप्ता कुठून?

बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणं हा माझा सांगलीतला धंदा. या धंद्यात जुन्या फाईलमधली नावं बदलून नवी फाईल खपवणारे पुष्कळ. ब्युटी पार्लरच्या रिपोर्टात पिठाच्या गिरणीच्या जात्याला टाकी लावण्याचा खर्च मी स्वतः वाचलाय.

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेली दोघं, एक पोरगा आणि एक पोरगी, कर्जाच्या फाईलसाठी आली, तेव्हा बदलायला जुनी फाईलच नव्हती. मागणी आठ लाखांची. काम काय, तर ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब आणि साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला बसवून द्यायचं. हे सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, लायसन्स जीपीएल या खुल्या परवान्याची 2007 ची तिसरी आवृत्ती. म्हणजे कुणीही उतरवून घ्यावं, बदलावं, विकावंसुद्धा. फक्त ज्याला प्रत द्याल त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, आणि तेच हक्क द्यायचे.

यंत्रसामग्री: दोन लॅपटॉप, इन्व्हर्टर. कच्चा माल निरंक, शिल्लक साठा निरंक. शेवटी मी माणसाचे तासच माल धरले. दोघांचे महिन्याला चारशे, त्यातले विकले जाणारे निम्मे. उरलेले दिवाणजींना समजावण्यात आणि बिलाच्या तगाद्यात जातात. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

पैसा कशाचा, ते पोरीनं दाखवलं. बेदाण्याचा बॉक्स कोल्डमधून हलत नाही, पण सौदा झाला की मालक बदलतो. भाडं कुठल्या तारखेपर्यंत शेतकऱ्याच्या नावावर आणि कुठून व्यापाऱ्याच्या, यावर दर हंगामात भांडणं. त्यातही लॉटमधले निम्मेच बॉक्स विकले गेले तर? तिनं लॉट फोडून दोन खाती करून दाखवली, भाडं तारखेनिशी आपोआप वेगळं. तयार सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी ही बसवणी फुकट मिळत नाही. मी उत्पन्नात बसवणी, प्रशिक्षण, सर्व्हर आणि वार्षिक देखभाल धरली.

बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी पहिलंच विचारलं, “फुकट वाटणार, मग हप्ता कुठून?” मी रेड हॅटचं उदाहरण काढलं: 1993 ची कंपनी, असंच सॉफ्टवेअर, 2019 मध्ये आयबीएमनं 3400 कोटी डॉलरला घेतली. “ते अमेरिकेत हो. आपल्या मार्केट यार्डात कोण आहे ते सांगा.” मग तारणाचा विषय. छोट्या उद्योगाच्या एवढ्याशा कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम. पण घराचा उतारा ‘नुसता बघायला’ मागतातच.

गिऱ्हाइकाचं पत्र आणा म्हणाले. कोल्डच्या मालकांनी लेटरहेडवर लिहून दिलं: ‘काम समाधानकारक आहे. उद्या या मुलांशी पटलं नाही तर हेच सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून सांभाळून घेता येईल, म्हणून घेतले.’

साहेबांनी नेमकं ते दुसरं वाक्य लाल पेनानं अधोरेखित केलं. “गिऱ्हाईक बांधलेलंच नाही, आणि तुम्ही पाच वर्षं देखभालीचं उत्पन्न धरलंय?”

मी म्हणतो, पत्र काढू आणि दुसरं आणू. पोरगी म्हणते, “काका, तेच तर आम्ही विकतोय.” फाईल अजून माझ्याच टेबलावर आहे.