तुम्ही विचारलंत म्हणून : बाल्टिक क्रूझला टूर जहाजाची घ्यावी की बाहेरची?

उन्हाळा जवळ आला की हे फोन सुरू होतात. "वहिनी, आम्ही बाल्टिक क्रूझ बुक केलीय. तुम्ही जाऊन आलात ना? टूर जहाजाच्याच घ्यायच्या की बाहेरून प्रायव्हेट करायच्या?" टूर म्हणजे प्रत्येक बंदरावर उतरून शहर बघायची सहल. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी ते देत नाही, म्हणून मी भाव खाते असंही काहींना वाटतं. शिवाय या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र तोंडावर कुणी विचारत नाही : रशियात सासूबाईंना घेऊन तुम्ही मागे राहिलात तेव्हा नेमकं काय झालं? आमच्या नात्यागोत्यात त्या प्रसंगाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतायत. त्यातल्या एकीत तर मी त्यांना महालात विसरूनच आले! म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कोपनहेगनला चढायचं, कोपनहेगनला उतरायचं. मध्ये वार्नेम्युंडे (जर्मनी), टॅलिन (एस्टोनिया), सेंट पीटर्सबर्ग (रशिया), हेलसिंकी (फिनलंड), स्टॉकहोम (स्वीडन). 2019 साली आम्ही गेलो तो हाच नेहमीचा फेरा. तेव्हा सगळं गणित रशियाभोवती फिरायचं. व्हिसा नसला तरी क्रूझने येणाऱ्यांना तिथे 72 तास उतरता यायचं, पण परवाना असलेल्या टूरवाल्याबरोबरच. टूरचं तिकीट आणि पासपोर्ट दाखवायचा, मगच इमिग्रेशनच्या खिडकीपलीकडे पाऊल. टूर सोडून आपल्या मनाने हिंडायची मुभा नाही. पीटर्सबर्गमधल्या खाजगी टूर कंपन्यांकडेही असा परवाना असायचा, त्या आठ-दहा जणांची छोटी गाडी करून द्यायच्या, हे सगळं मी वाचलं होतं. तरीही मी जहाजाची टूर घेतली. बरोबर वयस्कर माणूस, परका देश, व्हिसा नाही. काही झालंच तर निस्तरायला जहाज आहे, असा विचार केला. हा विचार आजही मला वेडेपणाचा वाटत नाही. "प्रायव्हेट केली असतीस तर..." असं सुरू करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

सासूबाई तेव्हा 74 वर्षांच्या. कोल्हापूरच्या. गुडघे कुरकुरायचे, पण रंकाळ्यावरची सकाळची फेरी चुकवायच्या नाहीत. जहाजाच्या टूरच्या यादीत प्रत्येक टूरपुढे चालणाऱ्या माणसाची छोटी चित्रं असतात. सोप्या टूरला एक, मध्यमला दोन. आमच्या टूरला दोन होती. आम्ही म्हटलं, जमेल. चालायचं किती, ते त्या चित्रांवरून कळतं. वेग किती ठेवावा लागेल, ते कळत नाही.

सकाळी जहाजाच्या थिएटरमध्ये सगळ्यांना जमवलं, छातीवर बसचा नंबर असलेला स्टिकर, चाळीसेक माणसं एका बसमध्ये. शहराच्या दक्षिणेला पुश्किन गाव आहे, तिथल्या कॅथरीन पॅलेसमध्ये अंबर रूम आहे. सासूबाईंना सगळ्या क्रूझमध्ये अप्रूप होतं ते या एका खोलीचं. भिंतीच्या भिंती अंबरच्या, म्हणजे लाखो वर्षांत दगड बनलेल्या पिवळसर डिंकाच्या. मूळची खोली 1941 मध्ये जर्मन सैन्याने उचकटून तेव्हाच्या जर्मनीतल्या क्योनिग्सबर्ग शहरात नेली आणि पुढे ती कुणाला सापडलीच नाही. रशियन कारागिरांनी वर्षानुवर्षं खपून तशीच खोली पुन्हा घडवली, ती 2003 साली खुली झाली. ही गोष्ट सासूबाईंनी घरी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली होती.

आत शिरताना बुटांवर प्लास्टिकची आवरणं चढवावी लागतात, खालची लाकडी नक्षीची जमीन जपायला. सासूबाई एक हात भिंतीला टेकून उभ्या, मी खाली वाकून त्यांच्या स्पोर्ट्स शूजवर ते चढवतेय. पुढून नीट बसायचं, टाचेवरून इलॅस्टिक सटकायचं. एक फाटलं. मी दुसरं घेऊन आले. "राहू दे गं, मी अनवाणी येते," त्या म्हणाल्या. मान वर केली तेव्हा गाईडबाईंच्या हातातली आमच्या नंबरची पाटी संगमरवरी जिन्याच्या वरच्या टोकाला होती. नवरा आणि मुलगा त्या पाटीबरोबर पुढे, आम्ही मागोमाग येतोय अशा समजुतीत. कानातल्या रिसीव्हरमधून गाईडबाईंचा आवाज येत होता, तो तुटक तुटक झाला, मग खरखर, मग काहीच नाही.

जिना चढून वर गेलो तर सोन्याचा मुलामा आणि आरसेच आरसे असलेलं भलंमोठं दालन, आणि त्यात दुसऱ्याच नंबरांचे ग्रुप. मागून लोंढा येतच होता. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "मला बाथरूमला जायचंय." खाली उतरायचं तर त्या सगळ्या गर्दीच्या विरुद्ध दिशेने जिना उतरायचा. पाच पावलं गेलो असू, त्यांना धक्का लागला, आणि त्या म्हणाल्या, "नको. पुढेच चल." दालनाच्या कोपऱ्यात देखरेखीला खुर्ची टाकून बसलेल्या एक आजी होत्या, सासूबाईंच्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, उठल्या, आणि काही न बोलता खुर्ची पुढे केली. सासूबाई बसल्या. मी शेजारी उभी. फोनला रेंज होती, पण रोमिंग घेतलेलं नव्हतं. गाईड बरोबर असेल तरच या देशात आपण कायदेशीर, आणि गाईड दिसत नाही. हे माझ्या डोक्यात सारखं घुमत होतं. सासूबाईंनी विचारलं, "आपण हरवलो का गं?" मी नाही म्हटलं.

आमच्याच जहाजाचा दुसरा एक ग्रुप आला. त्यांच्या गाईडने स्टिकर ओळखला, "माझ्या मागे या" म्हणाला, आणि आम्ही निघालो. एका खोलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. त्याच्याही मागे पुढचे ग्रुप होतेच, थांबणं त्याच्या हातात नव्हतं. सासूबाई खाली, पायांकडे बघत चालत होत्या. ते प्लास्टिक लाकडावर सरकतं. मी वर, त्याच्या पाटीकडे बघत होते. बाहेरच्या जिन्याशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "अंबरची खोली अजून यायचीय ना?"

ती येऊन गेली होती. आम्ही दोघी तिच्यातून चालत बाहेर पडलो होतो.

त्या सगळ्या वेळात त्यांना बाथरूमला जायला मिळालं नाही. त्यापुढचं मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

आता ज्यांना ही गोष्ट जहाजाच्या टूरविरुद्ध वापरायची असते, त्यांच्यासाठी उरलेला भागही सांगते. बस आमच्यासाठी थांबली होती. आमच्या गाईडबाई रडवेल्या झाल्या होत्या, त्यांनी माणसं पुन्हा पुन्हा मोजली होती. जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाजही थांबतं. ज्या भरवशाचे पैसे मी मोजले होते, तो भरवसा खरा होता. आणि म्हणूनच मला राग कुणावर काढावा ते कळेना. दुसऱ्या दिवशी नवरा आणि मुलगा पीटर्सबर्गचं हर्मिटाज म्युझियम बघायला गेले. सासूबाई "तू जा, तू जा" म्हणत राहिल्या. मी गेले नाही. व्हिसाशिवाय दोघींना पोर्टच्या बाहेर साधी चक्कर मारायलाही मुभा नव्हती.

पुढच्या दोन्ही पोर्टच्या जहाजाच्या टूर मी त्याच संध्याकाळी रद्द केल्या. हेलसिंकीत बंदरावरून टॅक्सी केली आणि खडक फोडून आत बांधलेल्या टेम्पेलिऔकिओ चर्चमध्ये गेलो. वर तांब्याचं गोल छत, कडेने काचांतून उतरणारा उजेड. सासूबाई बाकावर बसल्या आणि मन भरेपर्यंत बसून राहिल्या. स्टॉकहोमला वासा म्युझियम. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालेलं आणि 1961 मध्ये वर काढलेलं ते अख्खं लाकडी जहाज त्यांनी प्रत्येक मजल्यावरून पाहिलं. त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट ठरली : जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या वेगाने जायचं, आणि ते चाळीस जणांत होत नाही.

"म्हणजे प्रायव्हेटच ना?" थांबा.

2023 मध्ये बहीण आणि मेहुण्यांबरोबर पुन्हा गेलो. वार्नेम्युंडेहून बर्लिन, प्रायव्हेट व्हॅन. हे अंतर नकाशावर बघून ठरवू नका; रस्त्याने जायला तीन तास, यायला तीन तास, सगळं सुरळीत असेल तर. येताना ऑटोबानवर ट्रॅफिक तुंबला. आमच्या शेजारच्या लेनमध्ये आमच्याच जहाजाची टूर बस उभी होती, तीही जागची हलत नव्हती. पण त्या बसमधली माणसं डुलक्या काढत होती, आणि आमच्या व्हॅनमध्ये बहीण रामरक्षा म्हणत होती. जहाज त्यांच्यासाठी थांबणार होतं. आमच्यासाठी नाही. चुकलं की पुढच्या पोर्टपर्यंत स्वखर्चाने जायचं. आम्ही वेळेत पोचलो, आणि मेहुणे अजून सगळ्यांना सांगतात की काही होत नाही, सगळे उगाच घाबरवतात. मी तसं कुणाला सांगणार नाही. माझे हात जहाजावर चढल्यावरही थरथरत होते.

2019 ची मी आज समोर येऊन बसली तर म्हणेल, "बघ, बर्लिनला जहाजाच्या बसमध्ये असतीस तर झोपली असतीस." खरं आहे. मी तिला म्हणेन, "आणि तुझ्याजवळ भरवसा असूनही आईंना ती खोली दिसली नाही." तेही खरंच. हा वाद मी भांडी घासताना, फिरायला जाताना कितीदा तरी घातलाय. तो मिटत नाही.

प्रायव्हेटच्या बाजूने एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. दुसऱ्या फेरीत रशिया नव्हता. 2022 मध्येच क्रूझ कंपन्यांनी पीटर्सबर्ग वगळलं. आम्हाला पोलंडचं ग्दिनिया मिळालं. सासूबाई बरोबर नव्हत्या, पण फोनवर म्हणाल्या, "तिथल्या कुणाला तरी सांग, मी कोल्हापूरची." कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती, सैबेरियातून इराणमार्गे आलेली पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. जहाजाच्या सगळ्या टूर शेजारच्या ग्दान्स्क शहराकडे निघाल्या होत्या. आमच्या गाईडबाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवला आणि बंदराच्या जुन्या इमारतीतलं स्थलांतराचं म्युझियम दाखवलं, अगदी सावकाश. तिथून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून दिला. असं चाळीस जणांच्या बसमध्ये कोण करून देणार?

टॅलिनसाठी टूर कशाला घेतात, हेच मला कळत नाही. बंदरावरून जुन्या शहराचा विरू दरवाजा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चढ नको असेल तर टॅक्सीने थेट टूम्पेआ टेकडीवर जा आणि फरसबंदीवरून हळूहळू खाली उतरत या. फक्त फोनवरची वेळ आणि जहाजाची वेळ एकच आहे ना, ते उतरतानाच बघा. स्टॉकहोमचं असेल तर आधी पोर्टचं नाव वाचा. मोठी जहाजं पुष्कळदा न्यूनेसहामला थांबतात, तिथून शहर साठेक किलोमीटर. आणि इंग्लंडहून चढणार असाल तर शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, इंग्लंड त्यात येत नाही) किती वेळा प्रवेश आहे ते आत्ताच तपासा, एजंट सांगेलच या भरवशावर राहू नका.

त्यामुळे आता कुणी विचारलं की मीच उलट विचारते : बरोबर कोण आहे? जिने चढतात का? किती वेळाने बाथरूम लागतं? लोकांना हे प्रश्न आवडत नाहीत. माझी नणंद ऑगस्टमध्ये सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला घेऊन निघालीय, आणि तिने सगळ्या पोर्टना जहाजाच्याच टूर घेतल्यात, टॅलिनलासुद्धा. टॅलिन तरी रद्द कर म्हणून मी तिच्या मागे लागलेय. ती म्हणते, रशियात आईला बस सोडून गेली नाही ना, मग मला तेवढं पुरे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण टॅलिन रद्द करायची मुदत अजून गेलेली नाही, आणि मी तिला उद्या पुन्हा फोन करणार आहे.