राक्षसाचा फासाही तुम्हीच टाका

आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो: सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची, एकेक पात्र एकेकानं खेळायचं. गोष्ट चालवणारी आणि राक्षस खेळवणारी, म्हणजे डीएम (डंजन मास्टर), मी. तरी आमच्या टेबलावर राक्षसानं घाव घातला तरी फासा खेळाडूच टाकतो. नवा माणूस आला की तासाभरात विचारतोच, ‘डीएम तुम्ही, मग डाइस आम्ही का टाकायचे? कंटाळा येतो का तुम्हाला?’ तुम्हीही गेल्या रविवारी विचारलंत. तोंडात समोसा होता म्हणून मी हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

कंटाळा येत नाही हो. आजीबरोबर कवड्यांवर सारीपाट खेळलेली मी. मूठ खुळखुळवून दान टाकण्यासारखं सुख नाही.

एरवी मी हिशोब पुढे करते. ओग्र हा एक दांडगा राक्षस, त्याचा हल्ला +६, म्हणजे फाशात ६ मिळवायचे. त्यात १२ मिळवा, झाले १८. तुमचं चिलखत १८ चं (एवढे भरले तर घाव लागतो), त्यातून १० गेले, उरले ८. तुम्ही डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) टाका, ८ मिळवा. १८ भरले तर वाचलात. मी टाकला असता तर ओग्र विसात नऊ वेळा लागला असता, तुम्ही टाकलात तरी नऊच. (१२ ऐवजी ११ धरलेत तर पाच टक्के फुकटात तुमच्या पदरात. एकजण वर्षभर तसंच धरत होता.) शिवाय ही काही माझी टूम नाही. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या अशाच खेळामध्ये गोष्ट चालवणारा एकही फासा टाकत नाही.

हिशोब बरोबर आहे, पण कारण ते नव्हे.

माझा मावसभाऊ आमच्याकडे चौदा महिने एक बुटका पुजारी खेळत होता. त्या रात्री पुजारी आडवा पडलेला, एक डेथ सेव्ह (मरणातून वाचायचा फासा, तीन हुकले की मेला) हुकलेला. आणि मी, टेचात, ओग्रला पडलेल्यावरच सोटा उगारायला लावला. पडलेल्याला जवळून घाव बसला की दोन सेव्ह हुकल्याचे धरतात. एक आणि दोन तीन, खेळ खलास. बेशुद्ध माणसावर हल्ला, म्हणून फासे दोन आणि मोठा आकडा घ्यायचा. तेव्हा मी फासे झाकायला पुढे पडदा लावून बसायची. फासे टाकले: ४ आणि १९. म्हणजे घाव लागलाच.

टेबल गप्प. मावसभावानं पेन्सिल चावायचं थांबवलं होतं. मी म्हटलं, ‘सोटा फरशीवर आपटला. चुकला!’ सगळे ओरडले, खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. तो मात्र ओरडला नाही. मला वाटलं, भरून आलंय त्याला.

माझ्या पाठीमागे शोकेस होतं. आतल्या बाजूला काळा कागद, म्हणून काचेत आरशासारखं दिसायचं. माझे फासे लिंबाएवढे. उलटा दिसला तरी १९ तो १९.

खाली स्कूटरला किक मारता मारता त्यानं विचारलं, ‘ताई, मागच्या चौदा महिन्यांत मी खरंच किती वेळा वाचलो गं?’

मला आकडा सांगता आला नाही. लपवायचा नव्हता, मी मोजलाच नव्हता. पुढच्या रविवारी त्यानं पुजाऱ्याला एका देवळात कायमचा बसवला, कॅरेक्टर शीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि यायचा थांबला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय? मीही तेच म्हणायचे. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच सवलत दिली आहे: लागोपाठ दोन क्रिटिकलनी (जबर घावांनी) कुणी मरत असेल तर दुसरा साधा करा, हवं तर चुकवा. पुस्तक माझ्या बाजूनं होतं. पोराचं मन राखलं, गोष्ट वाचवली. तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी, आणि तिचं सगळंच चूक असतं असं नाही.

मग कुणीतरी शकुनीमामा म्हणून हसतं. हसा. पण सभापर्वात युधिष्ठिर ज्यावर अडतो ते बघा: पणाला लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार मामा, एकानं दुसऱ्यासाठी खेळणं मला बरोबर दिसत नाही, म्हणतो. आणि तरी बसतो खेळायला. आमच्या टेबलावर पणाला पुजारी त्याचा होता आणि मूठ माझी.

म्हणून पडदा काढला, फासे वाटून टाकले. सुटले का? कुठलं! तुम्ही सापळा शोधायला फासा टाकता, ३ पडतात, मी म्हणते ‘काही दिसत नाही’, आणि पाचही जण दाराला हात लावायचं सोडून एकमेकांकडे बघता. असा फासा मीच, झाकून टाकायला हवा, हे मला कळतं. टाकत नाही. दुसरं म्हणजे, लबाडी करायला फासाच लागतो असं कुठंय? दिवाळीआधीच्या सेशनमध्ये त्या अजगराचे शेवटचे बारा हिट पॉइंट (अंगात उरलेला जीव) मी पेन्सिलीनं खोडले. साडेअकरा वाजले होते, तुमची शेवटची बस जाणार होती. आता कळलं तुम्हाला.

मावसभाऊ हल्ली बंगळूरला एका टेबलावर खेळतो. मध्ये रात्री फोन आला, आवाज नुसता उकळत होता. ‘ताई, मेलो! तिसऱ्याच सेशनला!’

‘फासा कुणी टाकला?’

‘डीएमनं.’

‘उघड?’

‘छे, पडद्यामागे.’

‘मग खरंच तेवढे पडले कशावरून?’

‘अगं, मेलो ना!’