कॅबिनेटमध्ये दुसरी हार्डडिस्क

औश्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की पुढं उन्हाळ्यापर्यंत आमची डोकेदुखी एकच, जागा. गिऱ्हाईकाला आता फोरके, म्हणजे जास्त बारकाव्याचा व्हिडिओ, पाहिजे असतं. माझा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे चालले की ३०० जीबी कुठं गेले कळत नाही, आणि कॉम्प्युटरचं विंडोज ज्या एसएसडीवर आहे ती सगळी मिळून ५०० जीबीची.

यूएसबीची डिस्क बाहेर लटकवून एडिटिंग करणं मला पटत नाही. अल्बम बघायला आलेल्यांपैकी कुणाचा तरी हात वायरीला लागतो आणि टाइमलाइनवरचे सगळे क्लिप लाल. म्हणून लातूरला गंजगोलाईत गेलो तेव्हा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये आत बसवायला ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क घेऊन आलो. घेताना सीएमआर आहे की एसएमआर, एवढं विचाराच. सीएमआरमध्ये डेटा लिहायचे ट्रॅक शेजारी-शेजारी असतात, तीच घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात (आपल्याकडं माळवदं, पण समजून घ्या). मधलं एक बदलायचं तर त्याच्यावरची सगळी उचलावी लागतात. जुनं पुसून नवं भरायचं काम रोजचंच असेल, तर ती रडत चालते.

बसवायला मेकॅनिक लागत नाही, एक पेचकस पुरतो. कॉम्प्युटरची वायर भिंतीवरच्या बोर्डातून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट उतरतो. डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या कोरड्या हवेत अंगावरची स्टॅटिक खोटी नाही. डिस्क खाच्यात सरकवून चारही स्क्रू आवळा. दोनच लावून सोडली तर ती घरघरते. मग दोन वायरी: मदरबोर्डकडून येणारी बारकी साटा केबल (डेटाची) आणि एसएमपीएसची, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याची, रुंद पॉवर केबल. दोन्हींची तोंडं एलसारखी वाकडी, उलटी बसत नाहीत. जोर लावू नका.

एसएमपीएसला साटाचं मोकळं तोंड नसेल तर जुन्या चार पिनच्या तोंडाला कन्व्हर्टर लावतात. त्यात ओतीव प्लास्टिकचा सगळ्यात स्वस्त मिळतो तो घेऊ नका. तसले कनेक्टर आतल्या आत शॉर्ट होऊन वितळतात, कधी पेटही घेतात.

खरी गंमत चालू केल्यावर. परवाच एका स्टुडिओवाल्या दोस्ताचा फोन आला.

"दादा, नवी डिस्क दिसंना गेलीय. डुप्लिकेट दिली वाटतं. परत नेऊ का?"

"बायोसमध्ये, विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, दिसतीय का?"

"तिथं दिसतीय की."

"मग डिस्क चांगली हाय. स्टार्टवर राइट क्लिक कर, डिस्क मॅनेजमेंट उघड."

कोरी डिस्क 'धिस पीसी'त दिसतच नाही, आधी तिला इनिशियलाइज, म्हणजे वापरायला तयार, करावं लागतं. तिथं डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत एमबीआर की जीपीटी विचारतं, तेव्हा जीपीटीच घ्यायचं. एमबीआरला २ टीबीच्या पुढचं वापरता येत नाही. तुमचे उरलेले पैसे काळ्या पट्टीत, म्हणजे न वापरलेल्या जागेत, पडून राहतात. मग नव्या डिस्कच्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट), क्विक फॉरमॅट. जुन्या डिस्कच्या पट्टीवर माऊस न्यायचाच नाही.

आणि बायोसमध्येही दिसली नाही तर? वायरी बघा, मग मदरबोर्डचं पुस्तक. बऱ्याच बोर्डांवर एमटूची (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी) एसएसडी लावली की साटाचं एखादं तोंड आपोआप बंद होतं. केबल शेजारच्या तोंडात लावली की काम होतं.

थोड्या वेळानं त्याच पठ्ठ्याचा परत फोन. "दादा, आली. पण ३.६३ टीबीच दाखवायलीय, ४ कुठाय?"

कंपनी हजारानं मोजती, विंडोज १०२४ नं. डिस्क तेवढीच हाय, म्हटलं, कॉपीला लाव आता.