प्लंबर ठाणे

रविवार, रात्री पावणेअकरा

दुपारी जेवून जरा आडवा झालो तेवढ्यात धाकट्या मावसभावाचा फोन. आधी पाऊस, मग मावशीचे गुडघे, मग त्याच्या गाडीचं सर्व्हिसिंग. दहा मिनिटं झाली तरी गडी फोन ठेवेना, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. शेवटी म्हणाला, "दादा, तू ते... अजून जातोस का रे तिकडे?"

तिकडे म्हणजे समुपदेशनाला. आमच्या घरात त्या जागेला अजून नाव नाही. बायको "तुझं गुरुवारचं" म्हणते, आई "त्या बाईंकडे".

"जातो की. आता महिन्यातून एकदाच. का रे?"

"काही नाही, सहज. झोप लागत नाही नीट. ऑफिसात कुणी नुसती हाक मारली तरी छातीत धस्स होतं. पण माझं काही एवढं नाहीये."

ते "एवढं नाहीये" ऐकलं आणि मी उठून बसलो. याच दोन शब्दांवर मी सात महिने काढलेत.

बाबा गेले त्यानंतर सगळं मी निस्तरलं. दिवसकार्य, पेन्शनचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर. येणारा जाणारा म्हणायचा, "किती सावरलायस." मलाही ते खरं वाटायचं. फक्त पहाटे तीन-सव्वातीनला जाग यायची, ती सहाच्या अलार्मपर्यंत. लोकांची कर्जं असतात, आजारपणं असतात, घटस्फोट होतात. माझे वडील एक्क्याऐंशीव्या वर्षी गेले, त्यात काय एवढं? दुःखालासुद्धा पात्रता लागते आणि मी तिच्यात नापास, अशी काहीतरी माझी समजूत होती.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नंबर दिला. तो मी "प्लंबर ठाणे" म्हणून सेव्ह केला. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कुणी जरा तऱ्हेवाईक वागलं की आमच्याकडे "याला ठाण्याला पाठवा" म्हणायचे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे ही थट्टाही माझ्या आजोबांच्या वेळची असणार. पुढे लग्नानंतर मी ठाण्यातच घर घेतलं ती गोष्ट वेगळी.

नंबर तसाच पडून राहिला. मध्ये एकदा कंपनीतर्फे फुकट मिळणाऱ्या फोनवरच्या समुपदेशकाशी बोललो होतो. त्यांनी मला पॉझिटिव्ह राहायला आणि सकाळी चालायला सांगितलं. मी रोज चार किलोमीटर चालतच होतो. म्हटलं, झालं, हे आपल्यासाठी नाही.

मग बाथरूम गळायला लागलं. मी आंघोळीला गेलो असताना बायकोने माझ्या मोबाइलवरून प्लंबरला फोन लावला. "गळती आहे, कधी येता?" पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडमची गुरुवारी सहाची वेळ रिकामी आहे, पेशंटचं नाव सांगा." मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर ही मोबाइल हातात धरून उभी. काही विचारलं नाही तिने. एवढंच म्हणाली, "गुरुवारी सहा वाजता. नाव सांगितलंय मी तुझं."

हे सगळं आज भावाला सांगितलं तर हसला. त्याच्या आवाजातला ताण जरा उतरला असं वाटलं. मग खरे प्रश्न आले.

पहिला: "गोळ्या चालू करतील का?" म्हटलं, मॅडम मानसशास्त्रज्ञ आहेत, त्या गोळ्या लिहून देत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेल्या डॉक्टरांचं. गरज वाटली तर या त्यांच्याकडे पाठवतात. मला नाही लागल्या. लागल्या असत्या तर घेतल्या असत्या, बीपीची घेतोच की. एक मात्र बजावलं, की आजकाल आठवड्याचा कोर्स करून कुणीही पाटी लावतं, तेव्हा शिक्षण काय झालंय ते सरळ विचारायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. विचारण्यात उद्धटपणा नाही. गवंडी लावतानासुद्धा आपण दहा ठिकाणी चौकशी करतो.

दुसरा: "ऑफिसात कळलं तर?" कुणी सांगणार नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. पहिल्याच दिवशी मॅडमनी अपवादही सांगून टाकला होता. आपल्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मात्र त्या गप्प बसणार नाहीत. मला ते स्पष्ट बोलणं आवडलं.

तिसरा पैशांचा. इथे मी त्याला गोड बोललो नाही. फी लागते, आणि नुसत्या समुपदेशनाच्या बैठकांचे पैसे आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममधून सहसा मिळत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे खर्च नगण्य. आणि सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, टेलिमानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर निदान तिथे एक फोन करायचा.

चौथा त्याने विचारला नाही, पण मला माहीत होता. आत जाऊन बोलायचं काय?

मी पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं बाथरूमच्या गळतीवर बोललो. समोर टिश्यूचा डबा होता, तो बघूनच डोकं फिरलं होतं. म्हटलं, रडणार तर नाहीच. वरच्या मजल्यावरचे कसे दाद देत नाहीत, डाग ताटाएवढा झाला तेव्हाच मी सोसायटीला कसा अर्ज दिला, सगळं साग्रसंगीत. मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "स्लॅब पडायची वाट नाही बघितलीत." "छे, कशाला बघू?" म्हटलं. त्या गप्प राहिल्या. मला समजायला थोडा वेळ लागला.

मग त्यांनी विचारलं, कसं वाटतं? मी म्हटलं, बरं वाटतं. "बरं म्हणजे?" आता आली का पंचाईत! चव्वेचाळीस वर्षं मराठी बोलतोय आणि शब्द मिळेना. टेन्शन नाही, दुःख नाही, डिप्रेशन तर नाहीच. बऱ्याच वेळाने तोंडातून आलं, "घालमेल." हा शब्द माझी आजी वापरायची. तो शब्द निघाला आणि मागोमाग बाबांचा वॉर्ड निघाला. शेवटच्या दिवशी वॉर्डबॉयने हातात दिलेली पिशवी निघाली, तिच्यात त्यांच्या चपला, चष्मा, दाढीचं सामान. "ती पिशवी आता कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. स्कूटरच्या डिकीत. सात महिने मी ती घेऊन स्टेशनला जात होतो आणि येत होतो. पेट्रोल भरताना दर वेळी दिसायची. टिश्यू मी घेतला नाही, शर्टाच्या बाहीने भागवलं.

म्हणून भावाला म्हटलं, ज्या भाषेत तुला रडू येतं त्या भाषेतलं माणूस शोध. आणि दोन-तीनदा जाऊनही पटलं नाही तर दुसरीकडे जा. ते फोनवाले पटले नाहीत म्हणून मी सगळ्यांवरच फुली मारून बसलो होतो.

एका बैठकीत काही झोप लागायला लागली नाही हेही सांगितलं. ही वही मुळात झोपेचीच. किती वाजता पडलो, किती वाजता जाग आली, एवढंच लिहायला मॅडमनी सांगितलं होतं. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर पलंगावरून उठायचं, हॉलमध्ये बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. सुरुवातीचे दोन आठवडे आणखी हाल झाले, मी भयंकर वैतागलो होतो. त्या पानांवर मॅडमबद्दल जे लिहिलंय ते त्यांना कधीच दाखवणार नाही.

संध्याकाळी त्याला नंबर पाठवला. त्यांच्याकडे ऑनलाइनही होतं, म्हणजे नाशिकहून यायला नको. बराच वेळ दोन निळ्या टिका, उत्तर नाही. मीही मागे लागलो नाही. आत्ता दहा मिनिटांपूर्वी मेसेज आला: "केला सेव्ह. कुरिअरवाला म्हणून."

"चालेल," असं लिहून पाठवलं.

अकरा वीस. दिवा बंद.