संकष्टीला समुद्रावर

रविवार, रात्री साडेदहा. कोल्हापूर.

पायताण खिडकीत वाळत घातलंय. खाऱ्या पाण्यात भिजलं की कातड्याचा पापड होतो, हे कोल्हापुरात जन्मून मला चाळिशीत कळलं. खोबरेल तेल चोळलंय, बघू.

काल पहाटे राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो. कणकवली, कसाल, मालवण आणि पुढे देवबाग. मेहुण्याने मोबाईलवर 'समुद्रकाठी करायच्या अकरा गोष्टी' अशी यादीच धाडली होती. स्कुबा, डॉल्फिन, पॅरासेलिंग, आणखी काय काय. घाटातच आईचा फोन आला, "आज संकष्टी हाय, ध्यानात हाय न्हवं?" झालं. बायको संकष्टी मोडत नाही आणि ती उपाशी असताना तिच्यासमोर सुरमई खायची माझी छाती नाही. समुद्रासमोर बसून शाबूची खिचडी. वैरी करील का असला बेत?

पण त्याच संकष्टीने एक गोष्ट शिकवली. दुपारी साडेतीनला नदी-समुद्राच्या संगमाजवळ पाण्यातून वर येणाऱ्या वाळूवर जायला निघालो, तर जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकींनी अडवलं. "आता खंय जातास? आज चवथ. पाणी भरलेला आसतला." त्यांचा हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. मग सहा तासांवर ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण तासाने पुढे सरकतं. अंदाजाचं गणित, पण चालतं. जाऊन पाहिलं, तर वाळूचा मागमूस नव्हता. आमच्याकडे पंचगंगेला पाणी आलं आणि राजाराम बंधारा बुडाला की पेपरात बातमी येते. इथे दिवसातून दोनदा बंधारा बुडतो आणि कुणी मान वर करून बघत नाही.

रात्री चंद्रोदयासाठी ताट घेऊन किनाऱ्यावर बसलो. नऊ वाजून गेले तरी समुद्रावर काही नाही. मग पोरगं म्हणालं, "पप्पा, मागं!" देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदीची खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. चंद्र खाडीकडून, माडांतून वर आला होता आणि आम्ही त्याला पाठ दाखवून बसलो होतो. पूर्व-पश्चिमेचं एवढंही भान राहिलं नाही.

आज सकाळी रापण. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून आली आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी धरले. वीस-पंचवीस जण, त्यात सत्तरीचे आजोबाही. मागे रेलून, टाचा वाळूत रोवून, एका तालात ओढायचं. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याकडे जातो आणि पुन्हा धरतो. दोन्ही रांगा हळूहळू जवळ सरकतात. मीही दोर धरला. पाच मिनिटांत तळवे लाल. तालमीत घातलेली दोन वर्षं कुठे गेली कोण जाणे. तासाभराने जाळ्याची पिशवी वर आली. पेडवे, थोडे बांगडे, एक चिडलेला खेकडा, जेलीफिश आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या. एवढ्या माणसांत ते काय पुरणार? तरी एकाने दोन बांगडे पोराच्या हातात ठेवले. मी पैसे काढले, तर म्हणाले, "दोर वडलास मां? मगे ह्यो तुमचो वाटो." खिशातला हात तसाच राहिला.

काकींनी त्या बांगड्यांचं तिरफळं घातलेलं तिखलं, म्हणजे तिखट कालवण केलं. तिरफळ बाजूला काढायचं असतं. मी ऐटीत चावलं आणि अर्धा तास जीभ बधिर. तांबडा-पांढरा पचवणाऱ्या माणसाची एका दाण्याने जिरवली.

निघताना सिंधुदुर्ग घाईत पाहिला, ते चुकलंच. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला. मालवण १८१२ पर्यंत करवीरच्या छत्रपतींकडे होतं, म्हणजे आम्ही तसे काही परके नव्हे. चहूकडे खारा समुद्र आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पोरगं साखरबावीचं पाणी खरंच गोड लागतं का बघू म्हणून हटून बसलं होतं, पण परतीच्या होडीवाल्याने हाका मारायला सुरुवात केली.

अकरांपैकी एकच गोष्ट झाली, किल्ला. तीही अर्धी. मेहुण्याला कळवलंय. त्याचं उत्तर आलं, "मग केलंसा काय दोन दिवस?"

पोराच्या शाळेच्या पिशवीत आत्ता बायकोला खेकड्याची नांगी सापडली आहे. वास येतोय. मी झोपल्याचं सोंग घेतो.